पेशंट पोचला, नातेवाईक दाराबाहेरच

धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, २०२२ मध्ये शंभर जागांची पहिली तुकडी बसली. पुढच्या वर्षी जिल्ह्याचं नावही बदललं. पाट्या नव्या झाल्या. परवा मात्र कॅज्युअल्टीच्या दारात एका आईला सुरक्षारक्षकानं हटकलं, "मावशी, बाजूला व्हा." आत तिचा मुलगा होता. त्याचं काय चाललंय, हे सांगायला कुणीच बाहेर आलं नाही.

१९९३च्या भूकंपात आपल्याच जिल्ह्यातल्या सास्तूर-लोहाऱ्याकडं सगळं जग धावून आलं. त्यानंतर कित्येक वर्षं आपण "सोलापूरला हलवा" एवढंच ऐकत काढली.

खरा बदल घडला तो २०१२ नंतर. मोफत उपचारांच्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, आपण नव्हतो. आपल्याला नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. २०१४ला १०८ रुग्णवाहिका आली. पेशंट ऑक्सिजनवर पुढं, भावकी मागच्या जीपमध्ये पैशांची जुळवाजुळव करत. पोचल्यावर योजनेचा आरोग्यमित्र रेशनकार्ड मागायचा, डॉक्टर जोखमीच्या कागदावर सही. सही येत नसेल तर शाईचं पॅड पुढं यायचं आणि मजकूर न वाचताच अंगठा उमटायचा.

२०१७ला धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली, राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्यांचा संताप रास्तच होता. उपाय काय, तर दारात रक्षक आणि नातेवाइकांना पास. आमच्या वर्तमानपत्रांनीही "नातेवाइकांचा गोंधळ" हा मथळा कायमचा जुळवून ठेवला. चार तास आतली खबर न कळलेला माणूस आवाज चढवणारच, हे कुणी छापलं नाही.

आधी वॉर्डातल्या जुन्या सिस्टर बाहेर यायच्या. "श्वास चालू आहे, तुम्ही चार घास खाऊन घ्या," म्हणायच्या. त्या निवृत्त झाल्या, जागा कंत्राटावर गेल्या. २०२०च्या कोरोनानं उरलासुरला दुवाही तोडला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला होता. आज त्याच कामासाठीचे समाजसेवा अधीक्षक दिवसा योजनेच्या कागदांत बुडालेले. रात्री दोन वाजता दारात कोण? नव्या महाविद्यालयानं यंत्रं जरूर आणावीत. पण तासातासाला बाहेर येऊन खरं काय ते सांगणारा एक माणूस प्रत्येक पाळीला नेमावा. त्याला निविदा लागत नाही. म्हणूनच बहुधा तो अजून नेमला गेलेला नाही.