विश्लेषण : गाय विणार, मग शाळेचे काय? मोंटानात आठवड्याला चारच दिवस शाळा कशासाठी?

फेब्रुवारीतील सकाळचे सहा. बाहेर मिट्ट काळोख, थंडीची लाट असेल तर पारा उणे वीसच्याही खाली. दहावीतला मुलगा कुऱ्हाड घेऊन गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडतो आहे. हे उरकून त्याला शाळा गाठायची आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, गुरे पाळणाऱ्या ‘रँच’वरच्या कुटुंबांत यात कुणालाच नवल वाटत नाही. याच राज्यात दोनशेहून अधिक शाळा आठवड्यातून चारच दिवस भरतात. शुक्रवारची ही सुट्टी मुलांच्या कामी येते की मुळावर?

शाळा इतकी दूर का?

मोंटानाच्या पूर्वेकडील गारफिल्ड काउंटीचे उदाहरण घेऊ. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. गारफिल्डचे क्षेत्रफळ सुमारे १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याहून मोठे. साताऱ्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३० लाख होती. गारफिल्डची २०२० मध्ये १,१७३. मुख्य गाव जॉर्डन, आणि तिथून जवळचे मोठे शहर माइल्स सिटी सुमारे १३५ किलोमीटरवर. दूरच्या रँचवरील मुलांसाठी जॉर्डनच्या हायस्कूलला एकेकाळी वसतिगृहच होते. जिथे बस पोहोचत नाही, तिथे मुलांना ने-आण करण्याच्या खर्चासाठी राज्यात पालकांशी करार केला जातो. खरी अडचण असेल, तर १३ व्या वर्षीही मर्यादित वाहन परवाना मिळू शकतो. आपल्याकडे हे वाचूनच पालकांना घाम फुटेल!

थंडीत एवढे काम कसले?

उन्हाळ्यात गुरे कुरणात चरतात. हिवाळ्यात बर्फाखाली गवत दडते आणि साठवलेली वैरण रोज घालावी लागते. साडेपाचशे किलोच्या गाईला दिवसाला १२ किलोंच्या आसपास सुके गवत लागते. दाट, कोरडी केसाळ कातडी असलेली गाय साधारण उणे सात अंशांपर्यंतची थंडी सहज सोसते. त्याखाली दर अंशामागे तिची ऊर्जेची गरज सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, असा ठोकताळा आहे. म्हणजे उणे वीसला सुमारे पाव हिस्सा जास्त चारा. कातडी भिजली तर ही मर्यादा थेट १५ अंशांवर चढते. त्यामुळे कोरड्या बर्फापेक्षा ओला पाऊस वाईट. डिझेलच्या गाड्यांचे इंजिन रात्रभर विजेच्या हीटरला जोडून ठेवावे लागते, नाहीतर सकाळी गाडी सुरूच होत नाही.

त्यातच अनेक रँचवर फेब्रुवारी ते एप्रिल हा गाई विण्याचा हंगाम. ओले वासरू अशा थंडीत तासाभरात गारठते, कानांची टोके गोठून झडतात. त्याला चोळून कोरडे करायचे, वेळ पडली तर पिकअपच्या उबेत ठेवायचे आणि पहिल्या काही तासांतच चीक पाजायचा. चिकातील प्रतिपिंडे शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता साधारण २४ तासांत संपते. अलीकडच्या भावाने दूध सुटलेले वासरू दीड हजार डॉलरहून अधिकला विकले जाते. एक वासरू दगावणे म्हणजे नुसती हळहळ नव्हे.

इथे एक गमतीची युक्ती आहे. गाईंना सकाळऐवजी संध्याकाळी चारा घातला, तर त्यांतल्या बऱ्याच जणी रात्रीऐवजी दिवसा वितात. घरच्यांची झोप वाचते. मात्र ही संध्याकाळची पाळी नेमकी शाळेतून परतलेल्या मुलाच्या वाट्याला येते. बास्केटबॉलचा सराव असेल तर अंधारात.

चार दिवसांचे गणित काय?

मोंटानाने २००५ मध्ये शाळांना दिवसांऐवजी तास मोजण्याची मुभा दिली. चौथी ते बारावीसाठी वर्षाला किमान १,०८० तास. १८० दिवस रोज सहा तास, किंवा १४४ दिवस रोज साडेसात तास, हिशेब एकच. शुक्रवार मोकळा मिळाला की दूरच्या सामन्यांसाठी वर्ग बुडत नाहीत, डॉक्टरची खेप होते आणि रँचला दोन हात मिळतात. कमी पगाराच्या, आडगावच्या शाळेत शिक्षक टिकवण्याचेही ते एक आमिष आहे. पैशांची बचत मात्र किरकोळ. देशभरातील शाळांच्या पाहणीत ती बहुतेक ठिकाणी अडीच टक्क्यांच्या आतच निघाली, कारण पगार तेवढेच राहतात.

अभ्यासाचे काय?

इथे चित्र तितके छान नाही. ओरेगन राज्यातील शाळांच्या अभ्यासात चार दिवसांच्या आठवड्यानंतर गणित आणि वाचनाचे गुण घसरल्याचे दिसले. ‘रँड’ या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार, अशा शाळांतील मुलांची प्रगती पाच दिवसांच्या शाळांपेक्षा कालांतराने मंदावली. पालक आणि मुले मात्र या वेळापत्रकावर खूश होती. शिवाय मोकळ्या शुक्रवारी ट्रॅक्टरवर कोण बसते, हा प्रश्न आहेच. अमेरिकेच्या केंद्रीय कामगार कायद्यात आईवडिलांच्या स्वतःच्या शेतावर काम करणाऱ्या मुलांना वयाची अट नाही, अगदी धोकादायक कामांनाही नाही.

आठवडा चार दिवसांचा ठेवायचा की पाच, हे गावाने निवडून दिलेले शाळा मंडळ ठरवते. त्या टेबलाभोवती बसलेले सदस्य अनेकदा याच मुलांचे पालक असतात, आणि याच गुरांचे मालकही.