मक्याचा तुरा आणि सुट्टीतील मजुरी

जुलै महिन्यात अमेरिकेतील आयोवा, नेब्रास्का या राज्यांत शाळांना सुट्टी असते. तेव्हा अनेक मुले पहाटेच मक्याच्या शेतावर मजुरीला जातात. काम एकच, ठरावीक ओळींतील ताटांचे तुरे उपटायचे. सकाळी दवाने कपडे भिजतात, दुपारी ऊन भाजते आणि पानांच्या कडांनी हात कापतात.

हा खटाटोप कशासाठी? मक्याच्या ताटावर शेंड्याला तुरा, म्हणजे नरफुले, आणि खाली कणीस, म्हणजे मादीफुले असतात. संकरित बियाणे हवे असेल तर एका वाणाच्या कणसावर दुसऱ्या वाणाचेच परागकण पडायला हवेत. म्हणून मादी ओळींतील तुरे परागकण सुटण्यापूर्वीच काढतात.

ही मजुरी वाचवण्यासाठी टेक्सासमध्ये सापडलेल्या नरवंध्य मक्याचा उपयोग सुरू झाला. त्याच्या तुऱ्यात सजीव परागकण तयारच होत नाहीत. १९७० पर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के मक्यात त्याचेच पेशीद्रव होते. त्या वर्षी पानांवरील करप्याची साथ आली आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले. पुढे संशोधनातून उलगडा झाला, की तंतुकणिकेतील जे जनुक परागकण वांझ करते, तेच ताटाला करप्याच्या बुरशीच्या विषाला बळी पाडते.

त्यानंतर तुरे उपटणारे हात पुन्हा शेतात आले. आज बरेच तुरे यंत्रे काढतात; त्यांतून सुटलेले मात्र अजूनही हातानेच उपटावे लागतात.

वर्गात विचारून पाहा: सगळे पीक एकाच वाणाचे असेल, तर रोगाला किती दारे उघडावी लागतील?