खिशातले नाणे काय सांगते?

बाजारातून परतल्यावर उरलेली चिल्लर आपण डब्यात टाकतो आणि विसरून जातो. पण त्या छोट्याशा चकतीवर मोठा इतिहास कोरलेला असतो.

आपला रुपया शेरशाह सूरीच्या काळातला. १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्याने सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे रूढ केले. त्यावर कलमा असे आणि बऱ्याच नाण्यांवर बादशहाचे नाव नागरी लिपीतही असे. मोगल, मराठे आणि इंग्रज यांनी साधारण त्याच वजनाचा रुपया चालवला. तेव्हा नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत होती. म्हणून लबाड लोक कडा कातरून चांदी चोरत. कडेवरचे दाते ही चोरी पकडता यावी म्हणून आले.

सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा झाला. आज आपली नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील सरकारी टांकसाळीत बनतात. धातूची पट्टी लाटून तिच्यातून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, कडा उचलून घेतात आणि दोन ठशांमध्ये दाबतात. एकाच दाबात दोन्ही बाजू उमटतात. सालाखाली पाहा: चौकट चिन्ह असेल तर नाणे मुंबईचे, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकात्याचे.

आता नाण्यात चांदी नाही. त्याची किंमत कायद्याने आणि आपल्या विश्वासाने ठरते. म्हणूनच दहा रुपयांचे नाणे 'चालत नाही' ही अफवा घातक आहे. या नाण्यांचे वेगवेगळे नमुने निघाले. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये ठरले, म्हणून त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही. एवढ्यावरून लोक ती खोटी ठरवतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत.

नाणे नाकारले की नुकसान होते ते भाजीवालीचे, रिक्षावाल्याचे. दिवसभराच्या कमाईतले दहा-वीस रुपये तिच्या पदरात अडकून पडतात आणि संध्याकाळी घरी दूध कमी येते. तेव्हा कुणी दहाचे नाणे पुढे केले, तर निःशंक घ्या. मुलांनाही डब्यातली चिल्लर ओतून टांकसाळीची चिन्हे शोधायला सांगा. ओळख झाली की अफवेला जागा उरत नाही.