घरपत्रात सगळ्यांचे नाव यावे

घरोघरी आता व्हॉट्सॲपचा गट आहे. तरीही काही घरांतून भाऊबंद, लेकीबाळी आणि पाहुण्यारावळ्यांसाठी छोटेसे घरपत्र निघते, ही आनंदाची गोष्ट आहे. गटावरची बातमी दुपारपर्यंत शुभेच्छांच्या गर्दीत वाहून जाते. कागद मात्र उशाखाली राहतो, शेजारणीलाही दाखवता येतो.

पण अशी बरीच घरपत्रे दोन-तीन अंकांतच बंद पडतात. कारण शोधायला लांब जायला नको. अंकात असते काय? कुणाला नोकरी लागली, कुणी फ्लॅट घेतला, कुणाचा मुलगा परदेशी गेला. ज्याच्या घरी यंदा असे काही घडले नाही, त्याने काय वाचायचे? गावी रोजंदारीला जाणाऱ्या चुलत्याला किंवा दहावीत नापास झालेल्या भाच्याला तो अंक आपला वाटत नाही. घरपत्र म्हणजे सत्काराचा फलक नव्हे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की 'मजकूर पाठवा' असे आवाहन करू नका. नेमका प्रश्न विचारा. '१९७२ च्या दुष्काळात आपल्या घरी काय शिजत होते?' एवढेच विचारून पाहा. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायचे काम... थोरली मंडळी आपोआप बोलू लागतील. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर पुढच्या अंकाचीही सोय झाली! मुंबईत गिरणगावात राहिलेल्या आत्याला विचारा, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर घर कसे चालवले?

'मला कुठं लिहिता येतं बाबा,' असे आजी म्हणेल. मग नातवाने तिच्याजवळ बसावे आणि तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. व्याकरण सुधारत बसू नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कुणीतरी जवळ जाऊन विचारले, म्हणूनच ते धन हाती आले.

गंमतही हवीच. जुना फोटो छापून 'ओळखा पाहू' विचारावे. नव्या सुनेचा उखाणा, मावशीच्या हातचे कालवण, पोरांची चित्रे यांना जागा द्यावी. आजार, कर्ज, जमलेले किंवा मोडलेले लग्न मात्र त्या घराला विचारल्याशिवाय छापू नये.

खर्च फार नाही. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. हाताने ठळक लिहून झेरॉक्स काढल्या तरी पुरे. एका कागदाचे वजन पाचेक ग्रॅम भरते. साध्या टपालाचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा आहे, त्यात लिफाफ्यासह आरामात बसते. तीन महिन्यांतून एकदाच काढावे, पण ठरल्या दिवशी काढावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे द्यावे.

दुष्काळात जे दहा वर्षांचे होते, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. ज्या बायांनी तेव्हा चूल पेटती ठेवली, त्यांच्यापैकी थोड्याच उरल्या आहेत. त्यांचे सांगणे कुठल्या पुस्तकात नाही. पहिला अंक त्यांच्यापासूनच सुरू करावा.