विंडोज ११ टाकलं आणि स्क्रीन रीडर गप्प झाला? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून दुकानांतले, घरगुती ऑफिसांतले कॉम्प्युटर एकेक करून विंडोज ११ वर जाताहेत. बहुतेकांची तक्रार काय, तर स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मध्ये आलं. दोन दिवस चुकल्यासारखं होतं, मग सवय होते. पण आपल्यातले जे उद्योजक स्क्रीन डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी ऐकतात, त्यांचं तसं नाही. अपग्रेडनंतर स्क्रीन रीडर बोललाच नाही, तर ऑर्डर दिसत नाही, बिल निघत नाही, बँक उघडत नाही. शटर वर असतं, पण धंदा बंद.

व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे हा विषय इथे सविस्तर घेतो. तुम्ही स्वतः स्क्रीन रीडर वापरत असाल तर हे तुमच्यासाठी आहेच. तुमच्याकडे कामाला एखादे दृष्टिहीन सहकारी असतील तरी वाचा. आणि कॉम्प्युटर रिपेअरचा धंदा सुरू करायचा विचार असेल तर जरूर वाचा, कारण हे काम नीट येणारी माणसं फार थोडी आहेत.

मी इथे मुख्यतः एनव्हीडीएबद्दल बोलणार आहे. तो फुकट आहे, त्यामुळे आपल्यासारखे छोटे उद्योजक सहसा तोच वापरतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो लिहायला घेतला. ते स्वतः दृष्टिहीन. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून अंध माणसाला कॉम्प्युटर मिळू नये, हे त्यांना पटत नव्हतं. आज एनव्ही ॲक्सेस ही संस्था तो चालवते. डाउनलोड करायचा तर त्यांच्याच साइटवरून. कुणाच्या पेन ड्राइव्हवरची जुनी फाइल घेऊ नका.

आधी तारीख ठरवा

अपग्रेड कधी करायचं हा धंद्याचा निर्णय आहे, टेक्निशियनच्या सोयीचा नाही. तुम्ही दर महिन्याला जीएसटी भरत असाल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. ३बी ला उशीर झाला की रोजचे ५० रुपये लेट फी, निल रिटर्न असेल तरी रोजचे २०. म्हणून १८ तारखेला "आज वेळ आहे, टाकून देतो" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. २१ तारखेनंतरचा, कामाची गर्दी नसलेला दिवस धरा.

त्या दिवसाआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, एनव्हीडीए ताज्या व्हर्जनवर आणा. नव्या विंडोजमध्ये नोटपॅडपासून सेटिंग्जपर्यंत बरंच काही बदललंय, आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्क्रीन रीडरला ते कळेलच असं नाही. ज्यांचं मशीन अजून विंडोज ७ वर आहे त्यांच्याकडे बहुतेक २०२३.३ हे व्हर्जन असेल. त्या विंडोजसाठी ती शेवटचीच मालिका होती. शिवाय ७ वरून ११ ला जाताना सगळं कोरं होतं, प्रोग्राम टिकत नाहीत. म्हणजे एनव्हीडीए नव्यानेच टाकावा लागणार, हे धरून चाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पोर्टेबल कॉपी. एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये जा, तिथे पोर्टेबल कॉपी तयार करायचा पर्याय आहे. आपली सेटिंग्ज कॉपी करायची खूण करा आणि ती पेन ड्राइव्हवर घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. मशीनवरचा एनव्हीडीए गेला तरी पेन ड्राइव्ह लावला की तुमचा वेग, तुमचा आवाज, तुमच्या सवयी सगळ्या जागेवर. त्याच कॉपीच्या टूल्स मेनूतून पुन्हा मशीनवर इन्स्टॉलही करता येतं. दुकानाची दुसरी किल्ली घरी ठेवतो ना, तसंच.

बिघाड नक्की कुठे आहे?

अपग्रेड झालं, मशीन सुरू झालं, आणि शांतता. इथे घाबरून लगेच कुणाला बोलवू नका. कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबा. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, सुरू होतो. तो मशीनमध्ये आधीपासूनच असतो, इन्स्टॉल करावा लागत नाही. नॅरेटर कसाही बोलो, आता आपल्याला त्याच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय.

नॅरेटरही गप्प? मग स्क्रीन रीडरला दोष देऊ नका, बिघाड साउंडचा आहे. अपग्रेडनंतर आवाजाचा ड्रायव्हर बदलतो, किंवा आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरच्या केबलमधून जायला लागतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. कुणी डोळस माणूस जवळ असेल तर त्याला कंट्रोल, विंडोज आणि व्ही दाबायला सांगा. आवाज कुठून यायचा ते निवडायची यादी समोर येते. जवळ कुणीच नसेल तर यूएसबी हेडफोन लावून पाहा. त्याचं साउंड कार्ड वेगळं असतं, म्हणून बऱ्याचदा तो लगेच बोलतो. एक यूएसबी हेडफोन ड्रॉवरमध्ये असलेला बरा.

नॅरेटर बोलला, एनव्हीडीए नाही? मग आवाज ठीक आहे. आता एनव्हीडीए मशीनवर आहे की नाही ते बघायचं. विंडोज आणि आर दाबा, एनव्हीडीए ही चार इंग्रजी अक्षरं टाइप करा, एंटर मारा. सुरू झाला तर इन्स्टॉलेशन शाबूत आहे, फक्त कंट्रोल, ऑल्ट, एन हा शॉर्टकट गेलाय. तो शॉर्टकट डेस्कटॉपवरच्या आयकॉनला जोडलेला असतो. अपग्रेडनंतर कुणी डेस्कटॉप "स्वच्छ" केला, की आयकॉनबरोबर शॉर्टकटही जातो. पुन्हा इन्स्टॉल करताना डेस्कटॉप आयकॉन आणि शॉर्टकटची खूण ठेवली की परत येतो.

एनव्हीडीए बोलायला लागला की त्याच तीन बटणांनी नॅरेटर बंद करा. दोघे एकाच वेळी बोलले तर मंडईत उभं राहिल्यासारखं होतं, शिवाय दोघेही इन्सर्टचं बटण वापरतात.

इन्स्टॉल होत नाही म्हणता?

एनव्हीडीएची इन्स्टॉल फाइल उघडली की ती स्वतःच बोलायला लागते. तात्पुरती कॉपी चालू होते आणि पुढचे सगळे प्रश्न वाचून दाखवते. म्हणजे इन्स्टॉल करायला डोळस माणूस लागत नाही. तरी अडतं कुठे, ते सांगतो.

सगळ्यात जास्त माणसं अडतात परवानगीच्या खिडकीपाशी. "या ॲपला बदल करू द्यायचे का" असं विंडोज विचारतं, ती खिडकी सुरक्षित पडद्यावर येते आणि पोर्टेबल किंवा तात्पुरत्या कॉपीला ती वाचता येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मशीन हँग झालं. झालेलं नसतं, ते तुमच्या होकाराची वाट बघत असतं. विंडोज इंग्रजीत असेल तर ऑल्ट आणि वाय दाबा. खात्री हवी असेल तर त्या क्षणापुरता नॅरेटर लावून ऐका. कधी कधी ती खिडकी मागेच राहते, तेव्हा ऑल्ट-टॅबने पुढे आणा. पासवर्ड मागितला तर समजा की तुमचं अकाउंट ॲडमिनचं नाही.

दुसरी अडचण खास दुकानातली. एका मशीनवर दोन अकाउंट असतात, एक मालकाचं आणि एक कामाला असलेल्या मुलाचं. मुलगा साइन आउट न करता जातो, त्याच्या अकाउंटमध्ये एनव्हीडीए चालूच असतो. मग इन्स्टॉल करताना सांगितलं जातं की एक फाइल काढता किंवा बदलता येत नाही, बहुधा दुसऱ्या अकाउंटमध्ये एनव्हीडीए चालू आहे. उपाय साधा: ते दुसरं अकाउंट साइन आउट करा, किंवा मशीन रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा.

तिसरी, नवा लॅपटॉप घेतलेल्यांची. काही लॅपटॉप एस मोडमध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले ॲप चालतात, बाहेरून आणलेली एनव्हीडीएची फाइल चालत नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमधून एस मोड सोडता येतो, पैसे लागत नाहीत, पण परत एस मोडमध्ये जाता येत नाही. धंद्याच्या मशीनला एस मोडचा तसाही उपयोग नाही, असं माझं मत.

बोलतो, पण भलतंच बोलतो

हा प्रकार जास्त फसवा, कारण माणूस म्हणतो "चालतंय की". फाइल एक्सप्लोररमध्ये किंवा ब्राउझरमध्ये बाण फिरवला की फाइलचं नाव सांगण्याऐवजी नुसतं "अननोन" किंवा "पेन" ऐकू येतं. वेबसाइटवरची बटणं सापडत नाहीत. प्रोग्राम टाकताना-काढताना विंडोजमधल्या काही जोडण्यांची नोंद निघून जाते, त्याचा हा परिणाम. यासाठी एनव्हीडीएमध्येच औषध आहे: टूल्स मेनूतलं कॉम रजिस्ट्रेशन फिक्सिंग टूल. ते चालवा, परवानगी द्या, मशीन रीस्टार्ट करा. फॉरमॅट करायला निघालेली मशीनं यानं वाचतात, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

एनव्हीडीए मध्येच अडखळत असेल, बंद पडत असेल, तर ॲड-ऑनवर संशय घ्या. दर वर्षीच्या पहिल्या व्हर्जनमध्ये, म्हणजे २०२४.१, २०२५.१ अशा, आतली रचना बदलते आणि जुने ॲड-ऑन चालेनासे होतात. एनव्हीडीए बंद करतानाच्या खिडकीत ॲड-ऑनशिवाय रीस्टार्ट करायचा पर्याय असतो. तसं केल्यावर सुरळीत चाललं, तर एकेक ॲड-ऑन अपडेट करत या. विकत घेतलेले आवाजही बहुधा ॲड-ऑन म्हणूनच येतात. त्यामुळे नेहमीचा गोड आवाज जाऊन अचानक पत्र्यासारखा आवाज आला, तर तो ई-स्पीक आहे, एनव्हीडीएचा राखीव आवाज. त्याचा उच्चार कोरडा आहे, पण त्याला मराठी वाचता येतं आणि तो सहसा दगा देत नाही. आवाज बदलायला एनव्हीडीएचं बटण, कंट्रोल आणि एस.

एनव्हीडीएचं बटण म्हणजे इन्सर्ट. बरेच जण कॅप्स लॉक वापरतात, पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. कोऱ्या सेटिंग्जवर एनव्हीडीए सुरू झाला की कॅप्स लॉक चालत नाही आणि सगळं बिघडलं असं वाटतं. स्वागताच्या खिडकीत खूण केली की झालं.

जॉज वापरणाऱ्यांना एकच सांगतो. लायसन्सचा नंबर अपग्रेडच्या आधी हाताशी ठेवा. मशीन कोरं झालं तर पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं. तोवर जॉज ४० मिनिटं चालतो, मग मशीन रीस्टार्ट करायचं. त्या ४० मिनिटांत ॲक्टिव्हेशन उरकून घ्या.

रिपेअरवाल्या मंडळींसाठी

आमच्या एका बॅचमधले दादा फोनवर मसाल्यांच्या ऑर्डर घेतात आणि बिलं स्वतः एक्सेलमध्ये करतात. त्यांनी मशीन अपग्रेडला दिलं. मशीन परत आलं ते चकाचक, वेगवान आणि संपूर्ण गप्प. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "तो एक प्रोग्राम सारखा बडबडत होता, काढून टाकला." त्या बडबडीवर या माणसाचं घर चालतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. दादांचे दोन दिवस गेले आणि त्या दुकानाचं एक कायमचं गिऱ्हाईक गेलं.

तुम्ही असं काम घेतलंत तर काय चालू आहे ते गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काही काढू नका. पिन किंवा पासवर्ड बदलला तर तोंडी सांगा. डेस्कटॉपवरचे आयकॉन हलवू नका. साइन-इनच्या पडद्यावरही एनव्हीडीए बोलायला हवा. एनव्हीडीएच्या जनरल सेटिंग्जमध्ये ती खूण असते, आणि ती फक्त इन्स्टॉल केलेल्या कॉपीत चालते, पोर्टेबलमध्ये नाही. ही खूण राहिली तर गिऱ्हाइकाला रोज सकाळी पासवर्ड टाकायलाच शेजाऱ्याला बोलवावं लागतं.

मशीन परत देण्याआधी मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि मशीन सुरू करून एक बिल छापून दाखवा. जमलं तर काम झालं. नाही जमलं तर पैसे मागू नका. या कामाचे साध्या फॉरमॅटपेक्षा जास्त पैसे घ्यायला माझी हरकत नाही, कारण यात वेळ जातो. गिऱ्हाईक लांब असेल तरी काम घेता येतं. एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस आतच आहे, दोन्हीकडे एनव्हीडीए असला की इथे बसून तिकडचं मशीन ऐकता आणि चालवता येतं.

एवढं सगळं करूनही जमलं नाही तर? विंडोज १० वरून थेट अपग्रेड केलं असेल तर १० दिवस परतीची वाट उघडी असते. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी आणि तिथे गो बॅक. मात्र डिस्कवरची जागा मोकळी करायच्या नादात कुणी आधीच्या विंडोजच्या फाइली पुसल्या, तर ती वाट बंद होते. म्हणून पहिल्या आठवड्यातच रोजची सगळी कामं एकदा करून बघा: बिल, प्रिंट, बँकेची साइट, जीएसटीचं लॉगिन, व्हॉट्सॲपवरची ऑर्डर. अडचण आठव्या दिवशी कळली तरी चालेल, अकराव्या दिवशी कळून उपयोग नाही.