सतरा मेंढरांची पाठवणी

"कांबळी कुणाच्या दारात जाणार, ते मी डोळ्यानं बघितल्याबिगर दावं सोडायचं न्हाई!" आमच्या आत्यांनी ठणकावून सांगितलं आणि आमच्याकडे चक्क स्थळं बघायला सुरुवात झाली. घरात उपवर मुलगी नाही हो. होती ती तेवीस मेंढरं.

माझं सासर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या आत. आम्ही दोघं नोकरीपायी साताऱ्यात. गेल्या वर्षी मार्गशीर्षात ओढ्याच्या उतारावर पाय घसरून मामंजींचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी टेकत चालायला लागले. पण मेंढरांमागे दिवसभर रानोमाळ हिंडणं संपलं. आत्यांच्या एकटीच्याने सहा होतील, तेवीस नाहीत. म्हणजे सतरा कमी करायची.

"त्यात काय एवढं? बाजारात नेली की झालं," असं आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही काही माळकरी नाही. दरवर्षी नर कोकरं खाटकालाच जातात, त्यावरच घर चालतं. पण मामंजींनी मला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, नर गेला तर एक जनावर जातं. चांगली मादी गेली तर तिच्या पोटची सगळी जातात."

आमची मेंढरं दख्खनी. काळी, काही काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची. ही जात आपल्या पठाराची. कमी पाऊस, कुसळी गवत, लांबची चाल, सगळं सोसणारी. घोंगडी होते ती हिच्याच जाड्याभरड्या लोकरीची. पण आता लोकरीला गिऱ्हाईक कुठे? कातरणावळही सुटत नाही. म्हणून लोक जत तालुक्यातला माडग्याळ मेंढा आणून संकर करतात. उंचापुरा, पोपटनाक्या, लोकर जवळजवळ नाहीच आणि कोकरू भराभर वजन धरतं. त्यांचंही चुकत नाही, पोट प्रत्येकाला आहे. मात्र अस्सल काळी खांड दिसेनाशी होते, आणि मामंजींनी चाळीस वर्षं निवडून निवडून राखलेली ती हीच.

पहिल्याच खेपेला आम्ही फसलो. एक गृहस्थ आले, गोड बोलले, "पाळायलाच नेतो" म्हणाले. तीन चार-दाती मेंढ्या दिल्या. (मेंढीचं वय दातांवरून बघतात. पुढचे दात फक्त खालीच असतात, वर नुसती हिरडी! दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास.) चौथ्या दिवशी आमच्या यांना त्याच तिघी आठवडी बाजारात वजनावर ठरवताना दिसल्या. परत घेऊ म्हणेपर्यंत टेम्पोत चढल्यासुद्धा. आत्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मला स्वतःचीच चीड आली, कारण पैसे मोजून घेण्यापलीकडे मी एक प्रश्न विचारला नव्हता.

मग मी वही केली. मामंजी सांगत गेले, मी लिहीत गेले. कोणाची आई कोण, किती वेळा व्याली, दूध किती, पान्हा चोरते का, कोकराला नाकारते का. ‘रोखीने घेतो’ म्हणणाऱ्याला आधी त्याच्या घरी जाऊन बघायचं ठरलं. चरायला कोण नेतं? पाणी कुठलं? मेंढा कुठल्या जातीचा? दुष्काळात काय करता? शेवटच्या प्रश्नावर जो पटकन उत्तर देतो, त्याचं मला खरं वाटत नाही. जो गप्प होऊन विचार करतो, त्याने दुष्काळ काढलेला असतो.

एक स्थळ फार छान होतं. बंगला, विहीर, डाळिंबाची बाग, बागेत हिरवंगार गवत. मी तर होकारच देणार होते. आत्यांनी पानांवरचे निळसर डाग बघितले आणि विचारलं, "मोरचूद मारताय जणू?" झालं! बोर्डो मिश्रणात मोरचूद असतो, म्हणजे तांबं. गाईगुरांना सोसतं तेवढं तांबं मेंढीला सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस कावीळ होऊन जनावर अचानक जातं. फवारलेल्या बागेतलं गवत म्हणजे तिला विषच. मालक भला माणूस, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. चहा घेऊन उठलो.

शेवटी आटपाडीकडच्या एका वाड्यावर पाच गेल्या. रानात वाघूर लावून मुक्काम करणारी, शेतात मेंढरं बसवून धान्य घेणारी माणसं. त्यांच्याकडे काळेच मेंढे. कांबळी आणि आणखी तिघी खटावमधल्या एका जोडप्याकडे. तिथल्या बाईंनी मेंढीचा पापणीआतला रंग बघितला (फिकट असला तर जंत समजावे), कासेला हात लावून बघितला, मगच किंमत विचारली. आत्यांचा चेहरा तिथेच उजळला.

एकटी मेंढी कुठेच दिली नाही. कळपातलं जनावर एकटं पडलं की खाणं सोडतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी, पाठवणीपूर्वी पंधरा दिवस टोचून घेतली, म्हणजे तिचा गुण येतो. जंताचं औषध दिलं. टेम्पो पहाटे चारला सोडला, उन्हं चढायच्या आत पोचावा म्हणून. सोबत आमच्याकडच्या खुराकाचं अर्धं पोतं दिलं. नवीन धान्य एकदम पोटभर दिलं तर मेंढी आंबते, कधी दगावतेही. दोन-तीन आठवडे जुन्या कळपापासून वेगळी ठेवा, हेही सांगितलं.

मेंढ्याचा प्रश्न गहन होता. राखलेल्या सहाजणींपैकी चार त्याच्याच लेकी. तो ठेवणं शक्य नव्हतं. मामंजींच्या ओळखीच्या एका मेंढपाळाचीही तीच अडचण निघाली. त्याचा काळा मेंढा आमच्याकडे, आमचा त्याच्याकडे. "साटंलोटं झालं म्हणायचं," हे म्हणाले. नव्या जावयाने पहिल्याच दिवशी आत्यांना धडक देऊन शेणात पाडलं!

आता तुम्ही हिशेब घालाल, सतरामधल्या चार राहिल्या कुठे? त्या म्हाताऱ्या. दात झिजलेल्या, घ्यायला खाटकाशिवाय कोणी नव्हतं. मी हळूच म्हटलं, द्याव्यात. आत्या काही बोलल्या नाहीत, मामंजीही नाहीत. त्या अजून गोठ्यात आहेत, म्हणजे तीन आहेत; एक श्रावणात बसल्या जागी गेली. सहाच्या जागी नऊ सांभाळताना आत्यांचे गुडघे बोलतात, आणि हे दर शनिवारी गवताचे भारे टाकायला गावी जातात. हा व्यवहार शहाणपणाचा झाला असं मी म्हणणार नाही.

परवा रात्री नऊला खटावहून फोन आला. कांबळी व्याली. काळी पाट, कपाळावर पांढरा टिळा. आत्यांनी फोन माझ्या हातून ओढून घेतला. "चीक पाजला का लगेच? दोन्ही सड चालू हायत न्हवं?" मामंजी खाटेवरून मला खुणावत होते. वही आण म्हणून.