आपली बाभूळ तिकडे, तिकडची इकडे

बाभूळ काही कुणी बोट करून दाखवायला नको. शेताचा बांध, ओढ्याचा काठ, गावाबाहेरची पडीक जमीन, एसटीच्या खिडकीतून पाहिलं तरी ती दिसतेच. पायात काटा मोडला की आपण तिच्या नावानं बोटं मोडतो. पण एके काळी आपल्या खेड्यांचं तिच्यावाचून पान हलत नव्हतं. गाडीची चाकं, नांगर, कुळव तिच्या लाकडाचे. सकाळचं दातण तिचं, डिंक तिचा. कातडं कमवायला तिची साल आणि शेळ्यामेंढ्यांना तिच्या शेंगा. अशी ही घरची बाभूळ समुद्रापलीकडे मात्र सरकारी गुन्हेगार ठरली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे. त्याच्या आतल्या भागात मैलोन् मैल सपाट माळ आहे. त्यावर मिचेल नावाचं गवत उगवतं, झाड मात्र औषधालाही सापडत नाही. तिथं मेंढ्यांचे मोठमोठे कळप. ऊन कडक, सावली नाही, कोकरं तडफडायची. मग १८९० नंतरच्या काळात भारताकडची बाभूळ तिथं पोचली. सावली देते, शेंगा खाऊ घालते, पाण्याची फारशी मागणी नाही. मेंढपाळाला आणखी काय हवं? १९२६ साली तिथल्या शेतकी खात्यानंच ती लावायची शिफारस केली. लोकांनी घराजवळ, तळ्याकाठी आणि बोअरचं पाणी नेणाऱ्या उघड्या चरांच्या कडेनं बाभळी लावल्या.

बरीच वर्षं सगळं छान चाललं. मग १९५०च्या दशकात काही वर्षं भरपूर पाऊस झाला आणि माळावर रोपंच रोपं दिसू लागली. १९५७ साली तिथल्या सरकारनं तिला उपद्रवी वनस्पती जाहीर केलं. शिफारस करून पुरती बत्तीस वर्षंही झाली नव्हती!

खरा घोटाळा पुढे झाला. १९७०च्या दशकात पुन्हा ओली वर्षं आली. त्यातच लोकरीचा भाव घसरला, म्हणून अनेकांनी मेंढ्या काढून गाई-बैल घेतले. आता गंमत बघा. मेंढी शेंग बारीक चावते, त्यामुळं बहुतेक बिया तिच्या दाढेखालीच संपतात. गाय मात्र भराभर गिळते. बी तिच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं, तेही शेणाच्या ओल्या, खताळ गादीत! गाय चालेल तिथं बाभूळ पेरली जाऊ लागली. चांगलं पाणी मिळालेलं एक झाड वर्षाला पावणेदोन लाखांपर्यंत बिया धरू शकतं. आज ती साठ लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर पसरली आहे. आपल्या महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा झाला हा. बाभळी दाटल्या की खालचं गवत मरतं, आणि काट्यांच्या जाळ्या इतक्या माजतात की जनावरांना पाण्यापर्यंत जाता येत नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलियानं देशातली सर्वांत त्रासदायक वीस तणं निवडली, त्यात हिचा नंबर लागला.

हे वर्गात सांगितलं की एक हात वर येतोच. "बाई, मग त्यांनी शेळ्या का नाही पाळल्या?" प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथल्या काही पशुपालकांनी शेळ्या, एवढंच काय उंटसुद्धा सोडून पाहिले. पण साठ लाख हेक्टर चरायला शेळ्या आणायच्या कुठून? आपल्याकडे बाभळीच्या रोपाला शेळी खाते, मोठ्या झाडाच्या फांद्या धनगर छाटतो, सरपणाला कुऱ्हाड लागते, बांध सोडून पुढं आली तर नांगर आहेच. शिवाय तिचं पान, साल, शेंग पोखरणारे कितीतरी किडे इथं तिच्याबरोबर वाढलेत. तिकडं बी गेलं, हे सगळे पहारेकरी इकडंच राहिले.

म्हणून शास्त्रज्ञ पहारेकऱ्यांना न्यायला निघाले. पाकिस्तानातून बी पोखरणारा एक भुंगेरा नेला. तो तिथं रुजला, पण त्याच्याआधी गाईच शेंगा फस्त करतात! तमिळनाडू-कर्नाटकातल्या बाभळींवरचेही किडे तपासले. त्यातला एक खवले-किडा चाचण्यांमध्ये खुद्द ऑस्ट्रेलियाच्या देशी अकेशियांवरही वाढताना दिसला. एक चूक निस्तरताना दुसरी कोण करणार? अशा कामात घाई चालत नाही.

देशी अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीच्या तिकडच्या बहिणी. त्यांच्या जवळजवळ हजार जाती ऑस्ट्रेलियात आहेत आणि बहुतेकींना काटे नाहीत. तिथं त्यांना वॅटल म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटूंचे हिरवे-पिवळे कपडे आठवतात ना? हे रंग गोल्डन वॅटलच्या पानाफुलांचे मानतात. १९८८ पासून ते त्यांचं राष्ट्रीय फूल आहे.

आता उलटा प्रवास बघा. यातली ब्लॅक वॅटल निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांवर लावली गेली, सरपणासाठी आणि कातडं कमवायच्या सालीसाठी. तिथल्या उंच माळांवर गवत हेच खरं रान. निलगिरी थार नावाचा रानबोकड त्यावर जगतो. वॅटलनं ते गवत गिळत आणलं. तोडावी, तर उघड्या पडलेल्या मातीत जुन्या बियांची नवी फौज उभी राहते.

दुसरी एक आपल्या कोकणात आणि गोव्यात आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर, महामार्गाच्या कडेला, गोव्यातल्या खाणींच्या मातीच्या ढिगांवर जी सदा हिरवी, विळ्यासारख्या वाकड्या पानांची झाडं दिसतात ती हीच. सामाजिक वनीकरणात ती भरपूर लावली. हिच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून नापीक जमिनीतही ती उभी राहते. गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपण नको. व्हिएतनाममध्ये तर या जातीच्या आणि तिच्या एका बहिणीच्या संकराची शेतीच करतात. पाच-सात वर्षांत झाड कापून कागदाच्या लगद्यासाठी विकतात. पैसा मिळतो, हे खोटं नाही. पण आपल्या सड्यावर तिच्याखाली वाळक्या पानांचा जाड थर साचतो, तो लवकर कुजत नाही, आणि त्यातून करवंद, तोरण यांनी डोकं वर काढायचं तरी कसं? मला विचाराल तर ढिगाऱ्यावर ती चालेल. चांगल्या सड्यावर नको.

या झाडाखाली एखादं अगदी कोवळं रोप शोधा. त्याची पहिली पानं बाभळीसारखीच बारीक, पिसासारखी असतात. पुढं ती येईनाशी होतात आणि पानाचा देठच चपटा, रुंद होऊन पानाचं काम करू लागतो. म्हणजे मोठ्या झाडावर दिसतं ते पान नव्हेच!

अन् नावाची गोष्ट राहिलीच. अकेशिया हा शब्द काटा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि तो मुळात नाईलकाठच्या बाभळीला, म्हणजे आपल्याच बाभळीच्या जातीला होता. पण २००५ साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि हे नाव बिनकाट्याच्या ऑस्ट्रेलियन मंडळींकडे गेलं. बरीच भांडणं झाली. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम राहिला. आपली बाभूळ आता 'व्हॅचेलिया निलोटिका' झाली आहे. कोकणातले लोक मात्र रस्त्याकडेच्या त्या वाकड्या पानांच्या झाडाला आधीपासूनच अकेशिया म्हणत आलेत.